आकाशदर्शनाला पहिल्यांदा जाताय? आधी तिथी बघा, मग फॉर्म भरा

दिवाळी संपली की व्हॉट्सॲपवर आकाशदर्शनाची पोस्टरं फिरायला लागतात. खगोल मंडळांची असतात, कॉलेजांची असतात, आणि गेल्या काही वर्षांत पवना-पानशेत-इगतपुरीकडच्या कॅम्पवाल्यांचीही भरपूर असतात. सगळ्यांवर फोटो साधारण तोच, जांभळट आकाशगंगा, खाली तंबू, तंबूत पिवळा दिवा. नवीन माणसाला कळत नाही की यातलं कुठलं खरंच बघण्यासारखं आणि कुठलं नुसतंच जागरण. मी पुण्याचा, त्यामुळे उदाहरणं पुण्या-मुंबईकडची जास्त येतील, पण पद्धत सगळीकडे सारखीच.

पायरी १: काय हवंय ते ठरवा

कार्यक्रम ढोबळमानाने चार प्रकारचे असतात. एक व्याख्यान, म्हणजे हॉलमध्ये बसून ऐकायचं. दुसरं संध्याकाळचं शहरातलंच दर्शन, कुठल्यातरी गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानावर दोन-तीन दुर्बिणी लावतात, चंद्र, गुरू, शनी दाखवतात, साडेनऊपर्यंत तुम्ही घरी. तिसरं रात्रभराचं, शहराबाहेर अंधारात, हे खरं आकाशदर्शन. आणि चौथं एखाद्या घटनेचं, म्हणजे ग्रहण, उल्कावर्षाव, शून्य सावली (भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस) वगैरे.

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर थेट रात्रभराच्या कार्यक्रमाला नेऊ नका हो, दहा वाजता ते झोपतं, अकरा वाजता थंडीने उठून रडतं आणि आई किंवा बाबा रात्रभर गाडीत बसून राहतात, हे जवळपास प्रत्येक वेळी बघायला मिळतं. लहान मुलांसाठी गच्चीवरचा चंद्रच बेस्ट. शनीची कडी बघून मोठी माणसंसुद्धा "चिकटवलेलं चित्र आहे ना आत?" असं विचारतात, मुलांचं तर विचारूच नका.

पायरी २: तारीख नाही, तिथी

हे एक जरी लक्षात ठेवलंत तरी बाकीचं विसरलात तरी चालेल. पोस्टरवर तारीख आणि वार असतो, तिथी नसते, आणि काय दिसणार हे ठरतं तिथीवर. घरातलं कालनिर्णय काढा आणि त्या तारखेच्या चौकोनात बघा.

अमावास्येच्या आसपास चंद्र नाही, अख्खी रात्र काळीकुट्ट. तिथून चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा मावळत जातो. शुद्ध अष्टमीला सूर्य मावळताना तो डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पौर्णिमेला संध्याकाळी उगवून रात्रभर ठाण मांडून बसतो. वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे रात्रीचा पहिला अर्धा भाग अंधारा. बस, एवढंच गणित.

आता हे कार्यक्रमाला लावा. रात्रभराचं असेल तर वद्य एकादशी ते शुद्ध तृतीया यामधला शनिवार शोधायचा, चांगल्या संस्था बरोबर हेच करतात, म्हणून त्यांचे कार्यक्रम महिन्यातून एखाददुसऱ्याच शनिवारी असतात. शहरातलं संध्याकाळचं असेल तर उलट, शुद्ध पंचमी ते दशमी छान, कारण अर्ध्या चंद्रावर प्रकाश आणि अंधाराची जी सीमारेषा असते तिथे विवरांच्या सावल्या लांब पडतात आणि खड्डे अक्षरशः खोल दिसतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट पांढरा, वर डोळे दिपतात ते वेगळंच. कोजागिरीला "मून लाइट स्टारगेझिंग" अशी जाहिरात आली तर मसाला दूध प्यायला खुशाल जा, तारे बघायला म्हणून पैसे भरू नका.

दुसरी एक गंमत पोस्टरवरच्या फोटोतच असते. तो जो आकाशगंगेचा जाडजूड उजळ पट्टा दाखवतात तो वृश्चिक-धनु राशींच्या दिशेचा, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या केंद्राचा. डिसेंबरात सूर्यच त्या भागात असतो, त्यामुळे तो पट्टा रात्री दिसतच नाही. आपल्याकडे तो बघायचा तर मार्च-एप्रिलच्या पहाटे किंवा मे महिन्यात मध्यरात्रीनंतर. डिसेंबरच्या कॅम्पला जाऊन "आकाशगंगा कुठेय?" विचारणाऱ्याची काही चूक नाही, पोस्टर करणाऱ्याची आहे. हिवाळ्यात आकाशगंगेचा दुसरा, फिका हात दिसतो, तोही सुंदरच, पण त्याला नीट अंधार लागतो.

पायरी ३: जाहिरात वाचायला शिका

पोस्टर हातात आलं की मी क्रमाने या गोष्टी बघतो. तिथी काय. किती माणसं घेणार आणि दुर्बिणी किती (साठ माणसांना एकच दुर्बीण म्हणजे रात्रभर रांग). आकाशाची ओळख कोण करून देणार, त्या माणसाचं किंवा संस्थेचं नाव लिहिलंय का. ढग आले तर काय, पैसे परत, पुढची तारीख, की नुसतं व्याख्यान. बायकांसाठी टॉयलेटची सोय. आणि शेवटी म्युझिक, बार्बेक्यू, लाइटिंग असे शब्द आहेत का. असतील तर ती पिकनिक आहे, पिकनिक म्हणून चांगली असेल, पण शेजारच्या तंबूवर लायटिंगच्या माळा असताना देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, पण लांबची) काय कपाळ दिसणार.

माहीत नसलेल्या आयोजकाला सरळ फोन करून विचारा, "त्या रात्री चंद्र किती वाजता मावळतो?" उत्तर पटकन आलं तर माणूस कामाचा. "सर, चंद्र पण दिसेल, सगळं दिसेल" असं आलं तर धन्यवाद म्हणून ठेवून द्या.

जुन्या संस्थांचे कार्यक्रम पहिल्यांदा केव्हाही बरे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, टिळक स्मारक मंदिरात त्यांचं ठिकाण आहे. मुंबईत खगोल मंडळ, हॅलीचा धूमकेतू आला होता त्या १९८५-८६ च्या काळातलं. त्यांचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम मुंबईकरांच्या दोन पिढ्यांनी तरी केलेत, कर्जत लोकलने बदलापूरच्या पुढचं स्टेशन. कल्याणला आकाश मित्र मंडळ आहे. वरळीला नेहरू तारांगण आहे, ग्रहणाच्या वेळी तिथे हमखास काहीतरी असतं. गोव्यात असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी. नागपूरकरांची तर चैनच, पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, भारतातला पहिला. फॉर्म भरताना या संस्थांची चालू माहिती त्यांच्याकडूनच घ्या, फॉरवर्ड होऊन आलेल्या पोस्टरवर कधी कधी मागच्या वर्षीची तारीख असते.

पायरी ४: पावसाळ्यात व्याख्यानं उरकून घ्या

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश बंद. हा काळ वाया घालवू नका. आकाश कसं फिरतं, राशी आणि नक्षत्रं म्हणजे काय, तारा जन्मतो कसा, एवढं डोक्यात घेऊन नोव्हेंबरात अंधारात उभं राहिलात तर मजा दुप्पट होते. अनेक संस्था पावसाळ्यातच प्राथमिक खगोलशास्त्राचे छोटे कोर्सही घेतात, संध्याकाळचे किंवा शनिवार-रविवारचे.

२३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिवस, चांद्रयान-३ २०२३ मध्ये त्या दिवशी उतरलं म्हणून, त्या आठवड्यात शाळा-कॉलेजात व्याख्यानांचा पूर येतो. मग ४ ते १० ऑक्टोबर जागतिक अवकाश सप्ताह. आणि २८ फेब्रुवारी राष्ट्रीय विज्ञान दिन, याची वाट बघाच. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, विज्ञान दिनाला तिथे सामान्य लोकांसाठी दारं उघडतात, शाळेच्या मुलांच्या झुंडी असतात, त्यामुळे सकाळी लवकर जा. आयुकात शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं ही जुनी परंपरा आहे. आणि त्याच सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरतं. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, एकीखाली उभं राहून वर बघितलं की मान मोडते. तिथे मोबाइल बंद करायला सांगतात, तो नियम उगाच नाही, त्या अँटेनांना तुमचा फोन म्हणजे कानाशी कर्णा.

मुंबईत टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेचं "चाय अँड व्हाय?" रविवारी सकाळी असतं, पृथ्वी थिएटरला वगैरे, फुकट. विषय सगळ्या विज्ञानाचे, अधूनमधून खगोलाचा येतो.

व्याख्यान निवडताना "विश्वाचं रहस्य" असल्या नावापेक्षा नेमका विषय असलेलं निवडा. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानावरची अतिनील दुर्बीण आयुकात कशी बनली, किंवा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या वेधशाळेत गुरुत्वीय लहरी पकडणार म्हणजे नक्की काय करणार, असल्या विषयावर त्या कामातलाच माणूस बोलत असेल तर जागा मिळेल तिथे बसा. समजलं नाही तर प्रश्न विचारा, कितीही बाळबोध वाटला तरी. खगोलवाल्यांना बाळबोध प्रश्न आवडतात, त्यांना कंटाळा येतो तो "मग माझ्या राशीला हे कसं?" याचा.

पायरी ५: या तारखा लिहून ठेवा

दरवर्षी येणाऱ्या आधी. जेमिनिड्स, म्हणजे मिथुन राशीतला उल्कावर्षाव, १३-१४ डिसेंबरच्या रात्री. आपल्यासाठी वर्षातला सगळ्यात चांगला उल्कावर्षाव हाच, थंडीतलं स्वच्छ आकाश आणि मिथुन रास रात्री डोक्यावर. बाकी बहुतेक उल्का धूमकेतूंच्या कचऱ्यातून येतात, ह्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या. २०२६ मध्ये तेव्हा चार-पाच दिवसांचाच चंद्र असेल, दहाच्या सुमारास मावळेल, पुढे रात्र तुमची. २०२७ ला मात्र नेमकी पौर्णिमा, त्यामुळे त्या वर्षी कोणी "हजारो उल्का" म्हणून पैसे मागितले तर जाऊ नका. २०२८ ला परत अमावास्येजवळ. उल्का बघायला दुर्बीण लागत नाही, उलट दुर्बिणीतून दिसतच नाहीत, आडवं पडून जितकं जास्त आकाश डोळ्यात मावेल तितकं बघायचं.

परदेशी व्हिडिओ बघून ऑगस्टात पर्सिड्स उल्कावर्षावासाठी गाड्या काढू नका. १२-१३ ऑगस्टला आपल्याकडे ढग. मे महिन्यात ५-६ तारखेच्या पहाटे हॅलीच्या धूमकेतूच्या उल्का, ईटा ॲक्वेरिड्स, या आपल्या अक्षांशावरून युरोपपेक्षा चांगल्या दिसतात पण त्यांची जाहिरात कोणी करत नाही.

शून्य सावली दिवस मे महिन्यात, आणि हा घरच्या घरी होतो. कोल्हापूर ६-७ मे, सोलापूर १०-११, पुणे १३-१४, मुंबई १५-१६, नाशिक २० च्या आसपास, नागपूर २६ च्या सुमारास. पुण्या-मुंबईत साडेबाराच्या पुढेमागे, नागपुरात बारा-दहाच्या. सरळ उभी बाटली किंवा बंद पेन ठेवा, सावली पायातच गुडूप. जुलै-ऑगस्टात परत एकदा येतो पण तेव्हा सूर्यच दिसत नाही. बऱ्याच शाळा आणि मंडळं मेमध्ये यासाठी जमतात, फी नसते, पहिल्या कार्यक्रमासाठी छान.

मार्चअखेरच्या अमावास्येला मेसिए मॅरेथॉन असते, मेसिए या खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतल्या ११० गोष्टी, म्हणजे तेजोमेघ (वायू-धुळीचे ढग), तारकागुच्छ, दीर्घिका, एका रात्रीत शोधायच्या. नवीन असाल तर स्पर्धेत उतरू नका, पण बघायला जा, पोरं कशी नुसत्या अंदाजाने दुर्बीण फिरवून बरोबर ठिपक्यावर आणतात ते बघा.

आता एकेकट्या तारखा. ६ फेब्रुवारी २०२७, शनिवार, अमावास्या. ही रात्र आत्ताच राखून ठेवा. अंधार पडताना पश्चिमेला शनी, गुरू आणि मंगळ दोघेही प्रतियुतीजवळ, म्हणजे जवळपास रात्रभर वर, आणि पहाटे पूर्वेला शुक्र. डोळ्यांनी दिसणारे चार मोठे ग्रह, शनिवार, चंद्र नाही, थंडी. त्या दिवशीचे कार्यक्रम भरणार, त्यामुळे जाहीर झाल्या झाल्या नाव द्या.

२ ऑगस्ट २०२७ चं सूर्यग्रहण इजिप्तमध्ये लक्सरजवळ सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, अर्थात ढगांनी परवानगी दिली तर. टूरवाले आत्तापासून मागे लागलेत. परवडत असेल तर जा, खग्रास आणि खंडग्रास यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुठूनही बघा, ग्रहणचष्मा आयएसओ १२३१२-२ या मानकाचाच, एक्सरे फिल्म आणि गॉगल अजिबात नाही.

३१ डिसेंबर २०२८ ला खग्रास चंद्रग्रहण, रात्री पावणेदहा ते अकरा या वेळात चंद्र पूर्ण तांबडा, अख्ख्या भारतातून दिसणार. थर्टी फर्स्टला गच्चीवर असालच, वर बघा. चंद्रग्रहणाला चष्मा-बिष्मा काही लागत नाही.

पायरी ६: सामान

थोडक्यात. चटई, जाड पांघरूण, कानटोपी (डिसेंबरात मोकळ्या माळावर दव पडतं, पहाटे चटई ओली असते), बंद बूट, पाणी, काहीतरी कोरडं खायला, मच्छरांचं क्रीम. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोताने सगळं परत शून्यावर. तेच मोबाइलचं. "आई, पोचलो" हा मेसेज अंधार पडायच्या आधी करून टाका. गाडी नेणार असाल तर उजेड असताना पोचा, उशिरा येऊन हेडलाइट मारणाऱ्याला लोक काय काय म्हणतात ते इथे लिहिता येत नाही.

पायरी ७: दुर्बिणीच्या रांगेत

सुरुवात बहुतेक ठिकाणी हिरव्या लेझरने होते. कोणीतरी मृग दाखवतो, तीन ताऱ्यांचा बाण, त्या रेषेत खाली व्याध, वर गेलं की रोहिणी, आणखी पुढे कृत्तिकांचा झुबका. दक्षिणेला अगस्ती. उत्तरेला ध्रुव, आणि इथे बरेच जण निराश होतात, कारण तो ना फार तेजस्वी ना फार उंच. पुण्या-मुंबईतून ध्रुव क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशांवर असतो, विदर्भ-खानदेशात जरा वर. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश, म्हणजे दोन मुठींपेक्षा किंचित कमी. पहिल्याच रात्री हे स्वतः मोजून बघा, नंतर कुठेही उत्तर दिशा सापडते.

मग रांग. तुमचा नंबर आला की दुर्बिणीला हात लावायचा नाही, ती पकडून उभं राहायची सवय सगळ्यांनाच असते, एका बोटाने धक्का लागला तरी गुरू बाहेर जातो आणि मागचे पंचवीस जण परत थांबतात. हात मागे बांधा, वाका, डोळा आयपीसपासून (डोळा लावायच्या भिंगापासून) जरा लांब ठेवून हळूहळू जवळ न्या, प्रकाशाचा गोल दिसला की तिथेच थांबा. दुसरा डोळा दाबून मिटू नका, तळहाताने झाका. साधा जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढला तरी चालतो, फोकसने भरून निघतं, सिलिंड्रिकल नंबर असेल तर चष्मा राहू द्या. दिसलं नाही तर "हो हो, दिसलं" म्हणून पुढे सरकू नका, दाखवणाऱ्याला सांगा, तो परत लावून देतो, त्यासाठीच तो थंडीत उभा आहे.

आणि आत काय दिसतं याची अपेक्षा आधीच ठरवून जा. गुरूवर दोन फिके पट्टे आणि बाजूला चार ठिपके, ते त्याचे चंद्र, दोन तासांनी परत बघितले तर जागा बदललेली असते. मृगातला तेजोमेघ राखाडी-हिरवट धुरासारखा, फोटोतला गुलाबी रंग नाही, मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत म्हणून. देवयानी दीर्घिका म्हणजे कापसाचा डाग. "एवढंच?" असं वाटतं, मग कोणीतरी सांगतं की हा उजेड तिकडून निघाला त्याला पंचवीस लाख वर्षं झाली, आणि माणूस परत रांगेत शेवटी जाऊन उभा राहतो. दुसऱ्यांदा बघताना थेट डागाकडे नाही, जरा बाजूला नजर ठेवा, डाग मोठा होतो. ही नजर तिरकी करायची ट्रिक सगळ्या अंधुक गोष्टींना लागू आहे.

मध्यरात्रीनंतर निम्मे लोक झोपतात. झोपू नका, शक्य असेल तर एक ते तीनच्या मध्ये थोडी डुलकी काढा आणि पहाटे चारला उठा. दुर्बिणीपाशी गर्दी नसते, दाखवणारे निवांत असतात, मागाल ते दाखवतात. फेब्रुवारीत तोवर वृश्चिक वर आलेला असतो, त्याच्या पोटात लाल ज्येष्ठा. हिवाळ्यातल्या एका लांब रात्रीत सूर्याच्या जवळची दोन-तीन सोडली तर सगळी नक्षत्रं डोळ्यांखालून जातात, ती मोजायची असतील तर पहाटेचं सोडून चालणार नाही.

पायरी ८: दुर्बीण विकत? थांबा

पहिल्या कार्यक्रमाहून परतताना गाडीतच लोक ऑनलाइन दुर्बिणी बघायला लागतात. खोक्यावर "५२५ पट मोठं" असं छापलेली ६० मिलिमीटरवाली येते आणि महिन्याभरात माळ्यावर जाते. साधा हिशोब असा की पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास जितके मिलिमीटर त्याच्या दुपटीपर्यंतच मोठं करण्यात अर्थ, म्हणजे साठवालीला १२० पट फार झालं, त्यापुढे नुसता मोठा धूसर गोळा. आधी दोन-तीन ठिकाणच्या कार्यक्रमांना जा, वेगवेगळ्या दुर्बिणींतून बघा, कुठली उचलायला किती जड आहे ते पण बघा, कारण चौथ्या मजल्यावरून लिफ्टशिवाय खाली आणायची आहे. तोवर १०×५० चा (दहा पट मोठं दाखवणारा, ५० मिलिमीटर भिंगांचा) बायनॉक्युलर घ्या. कृत्तिका, चंद्राची मोठी विवरं, देवयानी, गुरूचे चंद्र (हात भिंतीला टेकवून धरलात तर) सगळं त्यात दिसतं, आणि क्रिकेट बघायलाही कामाला येतो, त्यामुळे घरात कोणी बोलत नाही.